ग्रुपवर वणवा, जिन्यात शांतता: ऑनलाइन वाद नेमका किती जणांचा असतो?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची २४० फ्लॅटची एक सोसायटी डोळ्यांसमोर आणा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ३१२ जण. गेटजवळ भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून शनिवारी रात्री ठिणगी पडली आणि सोमवारी सकाळपर्यंत ४२० मेसेज झाले. सकाळी ग्रुप उघडणाऱ्याला वाटतं, सोसायटीत उभी फूट पडली. मग कुणीतरी माणसं मोजतं. ९ जणांनी ३१० मेसेज टाकलेत, आणखी २२ जणांनी मिळून ११०. उरलेले २८१ जण गप्प. म्हणजे सुमारे तीन टक्के लोकांनी जवळजवळ तीन चतुर्थांश मजकूर लिहिला.

हे आकडे उदाहरणापुरते घेतलेत. तुमच्या ग्रुपचे तुम्ही अर्ध्या तासात काढू शकता. ॲन्ड्रॉइडवर ग्रुप उघडून वरचे तीन ठिपके, मग ‘मोअर’, मग ‘एक्सपोर्ट चॅट’ आणि ‘विदाउट मीडिया’. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टॅप करून खाली सरकलं की तोच पर्याय सापडतो. ग्रुपमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्सपोर्ट होत नाही. मग हाताने मोजा, दोन दिवसांचे मेसेज मोजायला फार वेळ लागत नाही. मिळालेली फाइल गूगल शीटमध्ये चिकटवा, नावाचा रकाना वेगळा करा आणि कुणाचे किती ते मोजा. इथे दोन चुका नेहमी होतात. लांब मेसेजच्या पुढच्या ओळी सुटून पडतात आणि वेगळे मेसेज म्हणून मोजल्या जातात, म्हणून जिच्या सुरुवातीला तारीख नाही ती ओळ काढून टाका. आणि ‘अमुक ग्रुपमध्ये आले’, ‘तमुक बाहेर पडले’ या ओळी कुणाचंच बोलणं नसतात, त्याही काढा. फाइल मोजण्यापुरतीच वापरा आणि काम झालं की पुसून टाका. शेजाऱ्यांची वाक्यं त्यात आहेत.

मोजणी झाली की आणखी एक यादी करा: ग्रुपवर कोण नाही? फ्लॅट भाड्याने देऊन पुण्याला किंवा परदेशी राहणारा मालक ग्रुपवर असतो, पण रोज त्या गेटमधून ये-जा करणारा भाडेकरू बहुतेकदा नसतो. घरातला एकच जण ग्रुपवर असेल तर तो बहुधा पुरुष असतो. रात्रपाळीचा वॉचमन, पहाटे येणारी दूधवाली, घरकामाला येणाऱ्या मावशी यांना कुत्र्यांचा त्रास किंवा लळा सगळ्यांत जास्त, आणि ग्रुपवर त्यांचं नावही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं, बायकांपैकी ३३ टक्क्यांनी. शहरांत दोन्ही आकडे वर जातात, दरी मात्र मिटत नाही.

ही विषमता तुमच्या सोसायटीपुरती नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये ट्विटर वापरणाऱ्या अमेरिकन प्रौढांचा अभ्यास केला. त्यांतल्या १० टक्के लोकांनी ८० टक्के ट्विट लिहिले होते. मधोमधचा वापरकर्ता महिन्याला २ ट्विट करत होता, वरच्या दहा टक्क्यांतला १३८. आकडे तिथले आहेत आणि ठाण्याला जसेच्या तसे चिकटवू नयेत. घडण मात्र सगळीकडे तीच दिसते: फार थोडे लिहितात, बाकीचे वाचतात, आणि वाचणाऱ्याला पडद्यावर फक्त लिहिणारा दिसतो.

वाद कशाचा, आणि गठ्ठा कशाचा

‘कल्चर वॉर’ हा शब्द आपल्याकडे आता इंग्रजीतूनच वापरला जातो. त्याचा पूर्वज जर्मन आहे. १८७० च्या दशकात जर्मन चॅन्सलर बिस्मार्कचं सरकार आणि कॅथलिक चर्च यांच्यात शिक्षण, विवाह, पाद्रींच्या नेमणुका यांवरून जो संघर्ष झाला त्याला ‘कुल्टुरकाम्फ’ म्हणत. आज त्याचा अर्थ साधारण असा: भाषा, धर्म, खाणं, कपडे, सण, नावं अशा ओळखीच्या गोष्टींवरून होणारा वाद, ज्यात ‘काय करायचं’ यापेक्षा ‘आपण कोण आणि ते कोण’ हा प्रश्न मोठा होतो. पाण्याच्या टँकरच्या दरावर भांडण झालं तर मध्यावर तोड निघते. ओळखीवरच्या भांडणात मध्यावर उभा राहणारा दोन्हीकडून गद्दार ठरतो.

ठाणे जिल्ह्यातलंच अलीकडचं उदाहरण घेऊ. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं, आणि हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान २० मुलांनी ती मागावी अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. त्याच सुमारास मीरा रोडला मराठीच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला आणि ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला.

यात किमान चार वेगळे प्रश्न आहेत. सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा शिकवावी का? महाराष्ट्रात धंदा करणाऱ्याने कामापुरती मराठी शिकावी का? ती येत नाही म्हणून कुणावर हात उचलावा का? आणि २० मुलांची अट व्यवहारात पाळता येण्यासारखी होती का? चार प्रश्नांची हो-नाही उत्तरं १६ प्रकारे जुळतात. नौपाड्यातली एखादी आजी पहिल्याला नाही, दुसऱ्याला ठाम हो, तिसऱ्याला तितकंच ठाम नाही म्हणेल आणि चौथ्याबद्दल ‘मला काय माहीत’ म्हणून मोकळी होईल. हे मत गोंधळलेलं नाही, प्रत्येक प्रश्नाला वेगळा तोलणाऱ्या माणसाचं आहे. ऑनलाइन मात्र १६ पैकी दोनच गठ्ठे दिसतात. मराठीचा आग्रह धरला की तुम्ही मारहाणीचे समर्थक, मारहाण चूक म्हटली की तुम्ही मराठीचे वैरी. उरलेल्या १४ प्रकारांत बसणारी माणसं लिहीतच नाहीत, कारण लिहिलं की दोन्ही बाजूंचे तुटून पडतात.

चौथ्या प्रश्नाकडे नीट बघा, कारण तिथेच ऑनलाइन वादाचं सगळ्यांत मोठं नुकसान आहे. वर्गात ३० मुलं असतील आणि २० जणांनी तीच एक पर्यायी भाषा मागायची असेल तर दोन तृतीयांश वर्गाने एकमत करावं लागतं. पालक-शिक्षक सभेत दहा मिनिटांत कळणारी गोष्ट. पण शासन निर्णयाच्या परिच्छेदावर बोलायला लोक थांबत नाहीत, व्हिडिओवर थांबतात.

तापमान वाढतं कसं

कुणी बटण दाबून भांडण लावत नाही. पडद्यावर आधी काय दाखवायचं हे ठरवणारी गणितं साधी आहेत आणि ती माणसाच्या प्रतिक्रियेवर चालतात. २०१७ मध्ये फेसबुकच्या गणितात राग, हसू, बदाम अशा इमोजी प्रतिक्रियांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन होतं. चिडलेला चेहरा पाच लाइकइतका मोजला गेला, तर चिडवणारी पोस्ट वर जाणारच. हे वजन नंतर कमी होत गेलं आणि २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं गेलं, पण तोवर काय चालतं हे लिहिणारे शिकून बसले होते. २०१७ साली ट्विटरवरच्या काही तापलेल्या राजकीय विषयांच्या अभ्यासात असंही दिसलं की नैतिक भावनेची छटा असलेला प्रत्येक जादा शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवतो. ‘निर्णय अव्यवहार्य आहे’ हे वाक्य पडून राहतं. ‘निर्लज्ज’, ‘द्रोह’, ‘लाज वाटली पाहिजे’ हे शब्द घातले की पळतं.

‘ट्रेंडिंग’ या शब्दाचाही गैरसमज आहे. एकूण किती लोक बोलतात यापेक्षा थोड्या वेळात बोलणं किती झपाट्याने वाढलं याला ट्रेंडमध्ये महत्त्व असतं. रोज लाखो लोक लोकलच्या गर्दीबद्दल बोलतात, ते क्वचितच ट्रेंड होतं, कारण ते रोजचं आहे. उलट, ठरवून एकाच वेळी, एकाच हॅशटॅगने, आधी वाटलेल्या मजकुराने काही शे माणसांनी सुरुवात केली की आलेख उभा चढतो. तो चढला की वाहिनीवर चर्चा होते, चर्चेवर पक्षांच्या प्रतिक्रिया येतात, प्रतिक्रियेच्या क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर येतात. सोसायटीत वाचणाऱ्याला ही शेवटची पायरी दिसते आणि ‘सगळीकडे हेच चाललंय’ असं वाटतं. उगम मात्र एकच असतो.

व्हॉट्सॲपवर गणित नाही, तिथे माणसंच वाहक असतात. भारतात अफवांमधून झालेल्या हत्यांनंतर जुलै २०१८ मध्ये एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० पासून आधीच अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाण दिसतात. दोन बाण म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून आलाय. ‘माझ्या ओळखीच्या माणसाने पाहिलं’ हे त्यावर लिहिलेलं असलं तरी तो ओळखीचा माणूस पाच घरं मागे आहे. मजकूर कॉपी करून नव्याने टाकला किंवा स्क्रीनशॉट काढला की मात्र हे बाण उडतात, म्हणून बाण नाहीत यावरून काहीच सिद्ध होत नाही.

रोजचं मत कसं असतं

ते प्रेमळ असतं, शहाणं असतं, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणणं ही दुसऱ्या प्रकारची खोटी समजूत आहे. प्यूनेच २०१९-२० मध्ये भारतात २९,९९९ प्रौढांना १७ भाषांत समोरासमोर प्रश्न विचारले. ८४ टक्के लोक म्हणाले की खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं अत्यंत महत्त्वाचं. त्याच सर्वेक्षणात ६७ टक्के हिंदूंनी हिंदू स्त्रियांना धर्माबाहेर लग्न करण्यापासून रोखणं अत्यंत महत्त्वाचं मानलं आणि ८० टक्के मुसलमानांनी मुसलमान स्त्रियांबाबत तेच म्हटलं. हे आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पुष्कळदा एकाच माणसाची ही दोन्ही उत्तरं आहेत. आदर करायचा, पण सोयरीक नको. पडद्यावर या माणसाला जागा नाही, कारण तो एकाही गठ्ठ्यात पूर्ण मावत नाही. त्याच्याशी बोलायचं असेल, त्याचं मत बदलायचं असेल, तर आधी तो असा आहे हे कळायला हवं.

रोजच्या मताची दुसरी खूण म्हणजे प्रश्न विचारला नाही तर ते निघतच नाही. ‘तुमच्या परिसरातल्या तीन मोठ्या अडचणी सांगा’ असं मोकळं विचारलं तर घोडबंदर पट्ट्यात लोक कोंडी आणि टँकर सांगतील, कोपरखैरण्यात पार्किंग आणि पावसाळ्यातलं पाणी. ऑनलाइन पेटलेला विषय त्या यादीत कितवा येतो, येतो का, हेच पहिलं मोजमाप. ‘मत आहे’ आणि ‘त्या मतासाठी झोप उडते’ यांत फार अंतर आहे. सर्वेक्षण दिशा मोजतं, ऑनलाइन गोंगाट तीव्रता दाखवतो. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, घोटाळा एकीला दुसरी समजण्यात आहे.

उलटही घडतं: जमिनीवर धग, पडद्यावर राख. नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा वाद २०२१ मध्ये बाळासाहेब ठाकरे की स्थानिक नेते दि. बा. पाटील अशी दोन नावांची स्पर्धा म्हणून देशभर मांडला गेला. पण १० जून २०२१ ची मानवी साखळी आणि २४ जूनला सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) भवनावर गेलेला मोर्चा यांत उतरलेल्या आगरी-कोळी गावकऱ्यांच्या मनात नावामागे पन्नास वर्षं होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान भागात गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. गावठाणालगत गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करण्याचा प्रश्न त्याच गाठोड्यात. वाशी-नेरुळच्या इमारतींत नंतर राहायला आलेल्यांना यातलं फार थोडं माहीत असतं, आणि हॅशटॅगमध्ये तर त्यातलं काहीच मावत नाही. नावाला ‘अस्मितेचा वाद’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी इथे चूक केली. २०२२ मध्ये विधिमंडळाने दिबांच्या नावाचा ठराव केला तोही पडद्यावरच्या गोंगाटामुळे नव्हे, गावागावांतल्या माणसांमुळे.

संख्या म्हणजे सत्य असंही नाही. १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा बहुमत त्यांच्या बाजूला अजिबात नव्हतं. थोडे लोक जोरात बोलतात म्हणून ते चूक ठरत नाहीत. फक्त ते किती आहेत हे मोजून कळावं, आवाजावरून ठरू नये, एवढाच आमचा आग्रह.

गप्प बसणारे गप्प का

जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएले-नॉयमान यांनी १९७४ मध्ये ‘मौनाचं आवर्त’ मांडलं. आपलं मत अल्पसंख्य आहे असं वाटलं की माणूस बोलणं कमी करतो. तो बोलत नाही म्हणून त्याचं मत आणखी अल्पसंख्य दिसतं. मग पुढचा गप्प होतो. सोसायटीच्या ग्रुपवर याला आपली स्थानिक कारणंही जोडा. सेक्रेटरीशी वाकडं नको, पार्किंगचा अर्ज पडून आहे. भाडेकरू असाल तर अकरा महिन्यांचा करार संपत आलाय. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी रोज लिफ्टमध्ये गाठ पडते. म्हणून २८१ जणांचं मौन म्हणजे संमती नाही आणि विरोधही नाही. त्याचा अर्थ विचारल्याशिवाय लागत नाही.

याचा दुसरा परिणाम जास्त बोचतो. समोरच्याबद्दलची कल्पना बिघडते. २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात दोन्ही पक्षांच्या लोकांना वाटत होतं की विरोधकांपैकी सुमारे ५५ टक्के टोकाची मतं बाळगतात. प्रत्यक्षात ते प्रमाण सुमारे ३० टक्के निघालं. आपल्या इमारतीतही कुत्र्यांना खायला घालणारी प्रत्येक बाई ‘आम्हाला काही पडलेली नाही’ या जातीची वाटू लागते आणि तक्रार करणारा प्रत्येक बाप विष घालणारा. खरं तर ती दोघं बहुतेक गोष्टींवर सहमत असतात. नसबंदी व्हावी, रेबीजची लस टोचावी, लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ताट लांब असावं.

विचारायचं कसं

शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेलं ढवळलेलं असेल तर. वरवरची चार शितं उचलली तर बुडाशी करपलंय की कच्चं आहे, काही कळत नाही. अमेरिकेत १९३६ च्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि भाकीत केलं की रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि पत्रिका परत पाठवण्याचे कष्ट घेणाऱ्यांत रूझवेल्टच्या विरोधकांचं प्रमाण जास्त होतं. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी जवळपास ५०,००० जणांवरून बरोबर निकाल सांगितला. आजचा ग्रुपवरचा गूगल फॉर्म म्हणजे त्या साप्ताहिकाचीच छोटी आवृत्ती. लिंक ग्रुपवर टाकली की भरणार तेच ३१ जण, आणि लॉगिनची अट नसेल तर दोनदा भरणार. व्हॉट्सॲपचा पोल त्याहून वाईट, कारण नेहमीच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं.

म्हणून कागद आणि डबा. फ्लॅट निवडताना ‘दर चौथा’ घेऊ नका. मजल्यावर चार फ्लॅट असतील तर दर चौथा म्हणजे प्रत्येक मजल्यावरचा एकच कोपरा, आणि तो कोपरा नेमका गेटवरचा असेल तर सगळी उत्तरं रात्री भुंकणं ऐकणाऱ्यांची येतील. २४० चिठ्ठ्या करून त्यांतून १०० उचला. १०० जणांची उत्तरं मिळाली तर निकाल चुकण्याची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) साधारण साडेसात टक्के इकडे किंवा तिकडे राहते. ५४ विरुद्ध ४६ आलं तर ‘बहुमत’ म्हणू नका. ७० विरुद्ध ३० आलं तर म्हणा. मोठ्या लोकसंख्येसाठी १०० जणांना १० टक्के, ४०० जणांना ५ टक्के, १,००० जणांना ३ टक्के अशी मर्यादा पडते. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८.४ लाख होती. त्या अख्ख्या शहरासाठीही नीट निवडलेले १,००० जण पुरतात, एखाद्या प्रभागासाठीही तेवढेच लागतात. हे पुष्कळांना पटत नाही, पण पातेलं मोठं म्हणून शितं जास्त लागत नाहीत.

दार उघडणाऱ्यालाच विचारलं तर दिवसा गृहिणी आणि आजोबा, रात्री कर्ते पुरुष असंच मिळत जाईल. ज्या प्रौढाचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार आहे त्याला विचारा. ही जुनी, स्वस्त आणि चालणारी युक्ती आहे. फ्लॅट बंद असेल तर शेजारच्याला विचारून जागा भरू नका. घरी सापडणारे आणि न सापडणारे यांची मतं वेगळी असू शकतात. तीनदा जा: एखाद्या कामाच्या दिवशी रात्री साडेआठ-साडेनऊला, कारण लोकलने येणारा त्याआधी दारात नसतो, शनिवारी सकाळी अकराला, रविवारी संध्याकाळी. तरीही ३० फ्लॅट राहिले तर निकालात ‘३० जण भेटले नाहीत’ असं ठळक लिहा.

प्रश्नात कौल लपवू नका. ‘गेटवर घाण करणाऱ्या कुत्र्यांना खायला घालणं बंद करावं का?’ हा प्रश्न नाही, तो निकाल आहे. आधी मोकळा प्रश्न: सोसायटीतल्या तीन मोठ्या अडचणी कोणत्या? तो पहिलाच हवा, कारण कुत्र्यांचा प्रश्न आधी आला की सगळ्यांना कुत्रेच आठवतील. मग: खायला घालण्यासाठी आवारात ठरावीक जागा आणि वेळ नेमावी, नेमू नये, कसंही चालेल, सांगता येत नाही. शेवटचे दोन पर्याय काढून टाकायचा मोह आवरा. कोमट माणसं तिथेच सापडतात. तिसरा प्रश्न: निर्णय तुमच्या मनाविरुद्ध गेला तर किती फरक पडेल, फार, थोडा की काहीच नाही? दिशा आणि तीव्रता इथे वेगळ्या होतात. कागदावर नाव किंवा फ्लॅट नंबर नको. डबा मतं गोळा करणाऱ्याच्या घरी उघडू नका, दोन्ही बाजूंचा एकेक जण समोर ठेवून उघडा.

आणि कायदा आधी वाचा, नाहीतर जो प्रश्न सोसायटीच्या हातातच नाही तो विचाराल. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खायला घालण्याची जागा ठरवणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे, आणि ती खेळाची जागा, ये-जा करायची दारं आणि जिन्यांपासून दूर असावी. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खायला न घालता ठरावीक जागी घालावं असं म्हटलं. म्हणजे ४२० मेसेज ‘घालायचं की नाही’ यावर पडले, आणि ठरवायचं होतं ‘कुठे आणि किती वाजता’.

वाद एखाद्या व्हिडिओवरून पेटला असेल तर मत विचारण्याआधी तो व्हिडिओ कुठला ते बघा. थांबवून स्पष्ट चौकटीचा स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्समध्ये टाका आणि जुन्या तारखेची तीच चौकट सापडते का पाहा. गाड्यांच्या पाट्या वाचा: एमएच ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल. मागून जाणारी बस ठाण्याच्या टीएमटीची की नवी मुंबईच्या एनएमएमटीची, दुकानाच्या पाटीवरचा पिनकोड कुठला. एक पाटी जुळली म्हणून निष्कर्ष काढू नका, ठाण्याच्या गाड्या नाशिकलाही जातात. तीन खुणा एकाच गावाकडे बोट दाखवत असतील तर ठीक. क्लिप २० सेकंदांची असेल तर आधीची मिनिटं शोधा. तोवर ग्रुपवर ‘तारीख आणि जागा कळेपर्यंत थांबूया’ एवढंच लिहा. गप्प बसलेल्या काही जणांना या एका वाक्याने बोलायला जागा मिळते.

डब्यातल्या कागदांचा निकाल लागला की तो आकड्यांसह नोटीस बोर्डावर लावा, ग्रुपवर नंतर टाका. बोर्ड भाडेकरूही वाचतो, मावशीही वाचतात. आणि तेच तीन प्रश्न तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा, नव्याने १०० चिठ्ठ्या काढून. ग्रुप तोवर दुसऱ्या विषयावर गेलेला असेल. दोन्ही निकाल तारखेसह शेजारी शेजारी लावले की कोणता टक्का हलला आणि कोणता जागेवर राहिला ते दिसेल; जागेवर राहिलेला टक्का सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या.